फोटो सीडीवर ठेवताना

मैत्रिणींनो, लेकीच्या बारशाचे फोटो मी सीडीवर उतरवले आणि जागा हवी म्हणून कॉम्प्युटरवरून पुसून टाकले. वर्षभराने सीडी घातली, तर ड्राइव्ह नुसता घरघरत राहिला.

घरी बर्न करायच्या सीडीत रंगाचा पातळ थर असतो. लेझर त्यावर खुणा उमटवतो. त्या खुणा म्हणजेच आपले फोटो. हा थर उन्हाने विटतो. शिवाय सीडीत तो नाव लिहायच्या बाजूला अगदी लागून असतो. आपण खालची चकचकीत बाजू जपतो आणि वर बॉलपेनने खरडतो! मीही तेच केलं होतं. मऊ टोकाचं मार्कर पेन वापरा.

बर्न करताना सगळ्यात जास्त वेग निवडू नका, आणि ‘व्हेरिफाय’वर खूण करा. वेळ जास्त लागतो, लागू दे. मग ती सीडी शेजारणीच्या कॉम्प्युटरवर उघडून बघा. दोन प्रती काढा, एक माहेरी ठेवा. मूळ फोटो तरीही पुसू नका.

बारशाचे चार फोटो नणंदेने कागदावर काढून घेतले होते. आमच्याकडे आता तेवढेच आहेत.