काळी शेळी शिसपेन्सिलीला का जड जाते?

धाराशिव जिल्ह्यातील वाशी (नवी मुंबईतली नव्हे) तालुक्यात चित्र काढायला बसलेल्या मुलाला मॉडेल शोधावे लागत नाही. दावणीला काळीभोर उस्मानाबादी शेळी असतेच. जिल्ह्याचे नाव २०२३ मध्ये धाराशिव झाले, शेळी मात्र उस्मानाबादीच राहिली. जुळी करडे देणारी ही शेळी कोरडवाहू शेतकऱ्याचा आधार. कागदावर मात्र ती भल्याभल्यांना चकवते.

दोष पेन्सिलीचा. शिसपेन्सिलीत शिसे नसतेच, असते ग्राफाइट, म्हणजे कार्बन. सोळाव्या शतकात इंग्लंडमधील बॉरोडेल येथे ते सापडले, तेव्हा मेंढपाळ त्याने मेंढ्यांवर खुणा करीत, असे सांगतात. १७९५ मध्ये फ्रान्सच्या काँते याने ग्राफाइटच्या भुकटीत चिकणमाती मिसळून कांड्या भाजल्या. माती जास्त असेल तर रेघ कठीण व फिकट, ती ‘एच’. ग्राफाइट जास्त असेल तर मऊ व गडद, ती ‘बी’.

ग्राफाइट दाबून घासले की चकाकते. त्यामुळे ‘८बी’ने कितीही गिरवले तरी उजेडात शेळी काळी न दिसता राखाडी, तुकतुकीत दिसते. वर कागदही खराब होतो.

मग करायचे काय? काळी शेळीही सगळीकडे सारखी काळी नसते. पाठीचा कणा, बरगड्या, खुब्याचे हाड यांवर ऊन चमकते. ती जागा सुरुवातीपासून कोरी ठेवायची. उरलेल्या अंगावर ‘२बी’चे हलके थर द्यायचे, केस ज्या दिशेला वळतात त्याच दिशेने. पोटाखाली आणि कानामागे अगदी शेवटी ‘६बी’. पांढऱ्या खिलार बैलाचे उलट : तिथे अंग कागदानेच दाखवायचे, पेन्सिल फक्त सावलीला.

खरी फसगत बांध्यात होते. मोबाइलवरच्या चित्रावरून शेळी काढली की कान ताठ होतात आणि कागदावर स्वित्झर्लंडची सानेन उतरते. उस्मानाबादीचे कान लोंबते. मागच्या पायाचा मागे वळलेला सांधा गुडघा नसून घोटा असतो. गुडघा वर, पोटालगत. डोळ्यातली बाहुली आडवी.

शासकीय रेखाकला परीक्षेत स्मरणचित्राचा भाग असतो. तिथे समोर ना शेळी असते, ना मोबाइल. पाहून ठेवलेलेच हाताशी येते. सरावाला दुपार बरी. चरून आलेली शेळी सावलीत रवंथ करत बसते, तेव्हा निदान एका रेखाटनापुरती तरी ती हलत नाही.