पाय न टेकता उभी राहणारी दुचाकी

संध्याकाळी पुण्याजवळच्या पुनावळ्यात महामार्गाखालच्या भुयारी मार्गापाशी गर्दी तुंबली की दुचाकीस्वारांचे पाय सारखे जमिनीला टेकत राहतात. मोकळ्या रस्त्यावर सरळ धावणारी गाडी वेग मंदावला की डुगडुगू लागते. विनाचालक सायकल बनवणाऱ्यांची खरी अडचण हीच आहे, कारण टेकवायला तिला पायच नाहीत.

धावती सायकल तोल सांभाळते ती मुख्यतः हँडलच्या जोरावर. उजवीकडे कलली की पुढचे चाक उजवीकडे वळते आणि चाके पुन्हा वजनाखाली येतात. फिरती चाके भोवऱ्यासारखी वागतात म्हणून सायकल पडत नाही, असे अनेक वर्षे सांगितले जाई. 2011मध्ये डेल्फ्ट आणि कॉर्नेल विद्यापीठांच्या संशोधकांनी उलट फिरणारी जादा चाके बसवून तो परिणाम पुसून टाकला, तरी त्यांची छोटी सायकल स्वाराविना तोल सावरत धावली.

पण थांबलेल्या सायकलचे काय? तिथे भोवरा खरोखर कामाला येतो.

जायरोस्कोप म्हणजे मोटरवर वेगाने फिरणारे जड चाक. भोवरा फिरतोय तोवर आरेवर उभा राहतो, कारण फिरत्या वस्तूचा आस सहजी दिशा बदलत नाही. सायकल एका बाजूला कलू लागली की संवेदक ते टिपतो. मग दुसरी छोटी मोटर या चाकाचा आस पुढे किंवा मागे झुकवते. त्यातून निर्माण होणारा जोर सायकलला आडव्या दिशेने ढकलून पुन्हा सरळ करतो. एकमेकांविरुद्ध फिरणारी दोन चाके बसवली तर वळताना नको ते हिसके बसत नाहीत.

या यंत्रालाही मर्यादा आहे. आस झुकत झुकत पुरता आडवा झाला की जोर संपतो. म्हणून एका बाजूला जड पिशवी अडकवलेली सायकल केवळ जायरोस्कोपच्या भरवशावर ताठ ठेवता येत नाही. बादली उचललेला माणूस जसा दुसऱ्या बाजूला झुकतो, तसे तिलाही थोडे कलून उभे राहावे लागते. शिवाय चाक सतत फिरते ठेवायला बॅटरी खर्च होते आणि वजन वाढते ते वेगळेच.

ही कल्पना जुनी आहे. संशोधक लुई ब्रेनन यांनी 10 नोव्हेंबर 1909 रोजी इंग्लंडमधल्या गिलिंगहॅमला जायरोस्कोपवर तोललेली एकरुळी गाडी चाळीस माणसे बसवून चालवून दाखवली. या कामाला ब्रिटिश सरकारच्या इंडिया ऑफिसने आणि काश्मीर दरबारानेही पैसा पुरवला होता. वायव्य सरहद्दीवर अशी रेल्वे नेण्याचा विचार होता. ती प्रत्यक्षात आली नाही.

आज हाच प्रश्न मुंबईच्या लायगर मोबिलिटी कंपनीने हाती घेतला आहे. जानेवारी 2023मध्ये ग्रेटर नोएडाच्या ऑटो एक्स्पोमध्ये तिने आपला तोल आपण सांभाळणारी विजेवरची स्कूटर मांडली. होंडाने 2017मध्ये जायरोस्कोप न वापरता, पुढच्या चाकाची ठेवण बदलून आणि हँडल हलवून मोटरसायकल उभी ठेवली होती. अशी खास रचना नसलेल्या गाडीलाही वेगात हँडल पुरेसे असते. गर्दीत थांबत-सरकत जाताना मात्र जायरोस्कोपचा आधार मोलाचा ठरतो.

आकुर्डी-चाकण पट्ट्यात लाखो दुचाकी घडतात. इथल्या अभियंत्यांनी विनाचालक सायकलीची घाई करण्याआधी हा आधार ज्येष्ठांच्या आणि नवशिक्यांच्या स्कूटरवर आणावा. पुनावळ्याच्या गर्दीत त्याची गरज आजच आहे.