डिझेल पंपावर विजेची शिस्त कशासाठी?

छत्रपती संभाजीनगरात १ फेब्रुवारी २०२४ रोजी जालना रोडवरील सिडको उड्डाणपुलापाशी गॅसचा टँकर धडकून गळती सुरू झाली, तेव्हा परिसरातील वीजपुरवठा खंडित करण्यात आला. ज्वलनशील वायू आणि विजेची ठिणगी यांची गाठ पडू नये, हा त्यामागील हेतू होता. इंधन भरण्याच्या प्रत्येक जागेची विद्युत मांडणी याच हेतूने केलेली असते.

डिझेल पेट्रोलसारखे भडकत नाही, असा सर्वसाधारण समज आहे. तो खोटा नाही, पण अपुरा आहे. ज्या किमान तापमानाला इंधनाची वाफ ठिणगीने पेट घेऊ शकते, त्याला ज्वलनांक म्हणतात. पेट्रोलचा ज्वलनांक शून्याच्याही बराच खाली असतो. भारतीय मानकानुसार डिझेलचा ज्वलनांक किमान ३५ अंश सेल्सिअस असावा लागतो. अमेरिकेत नेहमीच्या डिझेलसाठी ही मर्यादा ५२ अंश आहे. मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो. जमिनीखालील टाकीतील डिझेल तुलनेने थंड राहते. उन्हात ठेवलेल्या पिंपाबाबत तशी खात्री देता येत नाही. परदेशातील डिझेलविषयीचे निष्कर्ष येथे जसेच्या तसे लागू करणे म्हणूनच धोक्याचे ठरते.

पेट्रोलियम नियम, २००२ आणि संबंधित भारतीय मानके धोक्याच्या जागेचे तीन भाग करतात. टाकीच्या आत वाफ कायम असते, तो झोन ०. नेहमीच्या कामात वाफ येण्याची शक्यता असते, तो झोन १. वाफ क्वचित आणि थोडाच वेळ येते, तो झोन २. या वाफा हवेपेक्षा जड असल्याने खड्ड्यांत व केबलच्या चरांत साचतात. पेट्रोलच्या शेजारी उभे असलेले डिझेलचे यंत्रही याच कक्षेत येऊ शकते.

अशा जागी साधा स्विच किंवा दिवा चालत नाही. फ्लेमप्रूफ पेटीत आत स्फोट झाला तरी तप्त वायू अरुंद फटींतून निवत बाहेर पडतो आणि बाहेरची वाफ पेटत नाही. मात्र केबल शिरते तेथील ग्लँड सैल असेल किंवा झाकणाचा एखादा बोल्ट गळाला असेल, तर ही महागडी पेटी निरुपयोगी ठरते. या उपकरणांना मान्यता देणाऱ्या पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेचे मुख्यालय नागपुरात आहे.

दुसरा धोका स्थिर विद्युतभाराचा. नळीतून वाहताना इंधनात विद्युतभार साचतो. म्हणून टँकर रिकामा करण्यापूर्वी त्याला अर्थिंगची तार जोडतात. संकटकाळी सर्व यंत्रांची वीज एकदम तोडणारे बटन सहज हाती येईल अशा, पण यंत्रांपासून दूरच्या जागी असावे लागते.

खरा प्रश्न पंपाबाहेरचा आहे. पेट्रोलियम कायद्यानुसार एका ठिकाणी २,५०० लिटरपर्यंत डिझेल साठवण्यास परवाना लागत नाही. अट एवढीच, की कोणतेही पात्र १,००० लिटरपेक्षा मोठे नसावे. वाळूज, चिकलठाणा वा शेंद्रा येथील एखाद्या कारखान्यात जनरेटरसाठी ठेवलेली पिंपे या मर्यादेत सहज बसतात. तेथे परवान्यासाठीची तपासणी होत नाही. पिंपाजवळचा उघडा स्विचबोर्ड, जोड दिलेली वायर किंवा साधी मोटार यांवर लक्ष ठेवण्याचे काम मालकाचेच उरते. परवान्यातून सूट मिळाली, म्हणजे धोक्यातून सूट मिळाली असे नव्हे.