विश्लेषण : पित्तनलिकेचा कर्करोग लसिकाग्रंथींत पसरलाय का, हे नेमके कसे कळते?

पित्तनलिकेच्या कर्करोगात, म्हणजेच कोलँजिओकार्सिनोमात, नातेवाइकांचे सगळे लक्ष मूळ गाठीवर असते. मात्र आजार परतण्याचा धोका किती आणि पुढचे उपचार कोणते, हे बऱ्याच अंशी शेजारच्या लसिकाग्रंथींवर ठरते. त्यांचे खरे चित्र केवळ स्कॅनमधून मिळत नाही. असे का?

कर्करोग ग्रंथींपर्यंत कसा पोहोचतो?

यकृतातील पित्त लहान आतड्यात नेणारी नळी म्हणजे पित्तनलिका. तिच्या भोवतालचा लसिका हा द्रव वाटेतल्या ग्रंथींमध्ये गाळला जातो. मूळ गाठीतून सुटलेल्या पेशी याच वाटेने ग्रंथींत अडकतात आणि वाढू लागतात.

स्कॅन अपुरा का पडतो?

सीटी स्कॅनमध्ये साधारण १० मिलिमीटरपेक्षा रुंद ग्रंथी संशयास्पद मानली जाते. पण त्याहून लहान ग्रंथीतही कर्करोग असू शकतो. उलट पित्तनलिकेत जंतुसंसर्ग झाल्यास किंवा काविळीसाठी स्टेंट टाकल्यास कर्करोग नसतानाही ग्रंथी सुजतात. भारतात क्षयरोगाचीही शक्यता असते आणि क्षयाची ग्रंथी पेट स्कॅनमध्येही चमकते. त्यामुळे गरज असेल तेव्हा एंडोस्कोपिक सोनोग्राफीद्वारे सुईने ग्रंथीचा नमुना घेतात.

किती ग्रंथी तपासायला हव्यात?

यकृताच्या आतील पित्तनलिकेच्या कर्करोगात शस्त्रक्रियेवेळी किमान ६ ग्रंथी काढून तपासाव्यात, अशी शिफारस ‘अमेरिकन जॉइंट कमिटी ऑन कॅन्सर’च्या आठव्या आवृत्तीत आहे. दोनच ग्रंथी तपासून ‘कर्करोग नाही’ म्हणणे आणि आठ तपासून म्हणणे, यात फरक आहे. यकृताबाहेरील पित्तनलिकेत १ ते ३ बाधित ग्रंथी म्हणजे ‘एन १’, तर ४ किंवा अधिक म्हणजे ‘एन २’ टप्पा.

ग्रंथी बाधित असल्यास उपचार काय?

शस्त्रक्रियेनंतर बहुधा सहा महिने कॅपेसिटाबिन या गोळ्यांची केमोथेरपी दिली जाते. तिचा आधार ब्रिटनमधील ‘बिलकॅप’ चाचणी. पित्तमार्गाच्या कर्करोगाच्या ४४७ रुग्णांच्या या चाचणीत गोळ्या घेणाऱ्या गटाचे मध्यक आयुर्मान ५१.१ महिने, तर केवळ देखरेखीखालील गटाचे ३६.४ महिने होते. सर्व रुग्ण धरता हा फरक संख्याशास्त्रीयदृष्ट्या निर्णायक ठरला नाही. तरी उपचार प्रत्यक्षात ठरल्याप्रमाणे घेतलेल्यांत लाभ दिसला. काही रुग्णांना रेडिएशनही देतात.

महाधमनीजवळच्या दूरच्या ग्रंथी बाधित असल्यास तो दूरवरचा प्रसार मानला जातो. अशा वेळी सहसा शस्त्रक्रियेऐवजी जेमसिटाबिन व सिस्प्लॅटिन ही केमोथेरपी आणि सोबत ड्युर्व्हालुमॅब किंवा पेम्ब्रोलिझुमॅब ही इम्युनोथेरपी दिली जाते.

डॉक्टरांना काय विचारावे?

एकूण किती ग्रंथी तपासल्या, त्यातील किती बाधित निघाल्या आणि केमोथेरपी कधी सुरू करायची, हे तीन प्रश्न महत्त्वाचे. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे पॅथॉलॉजीच्या अहवालातच असतात. स्कॅनमध्ये ग्रंथी मोठी दिसली म्हणून आशा सोडू नये आणि ती दिसली नाही म्हणून निर्धास्तही राहू नये.