डोके ठणकते आहे? आधी लघवीची नळी पाहा

कोणी सेंट्रिंगच्या कामावरून पडतो, कोणी झाडावरून, कोणाची मोटारसायकल घसरते. मणक्याला मार लागून छातीपासून खालचे शरीर लुळे पडलेल्या माणसाचे डोके अचानक ठणकू लागले, तोंड लाल झाले, कपाळावर घाम फुटला, की आपण त्याला आडवे करतो आणि गोळी देतो. इथेच चूक होते, म्हणून आम्ही हे लिहीत आहोत.

मूत्राशय गच्च भरले तरी अशा माणसाला ते कळत नाही. शरीराला मात्र कळते. मार लागलेल्या जागेखालच्या रक्तवाहिन्या आवळतात आणि बीपी झपाट्याने चढते. 'शांत हो' हा मेंदूचा निरोप तुटलेल्या मज्जारज्जूतून खाली पोहोचत नाही. वेळेवर उपाय झाला नाही तर मेंदूत रक्तस्राव होऊन जीवही जाऊ शकतो. डॉ. गुटमन आणि व्हिटरिज यांनी इंग्लंडमध्ये 1947 सालीच हा धोका मांडला होता.

असे झाले तर रुग्णाला लगेच बसवा, पाय खाली सोडा. नाडी, पट्टा सैल करा. नळी मुरगळली आहे का, पिशवी भरली आहे का, ते पाहा. नळी नसेल तर शिकवल्याप्रमाणे घालून लघवी काढा. बद्धकोष्ठता किंवा पाठीवरची जखम हेही कारण असू शकते. दर पाच मिनिटांनी बीपी मोजा. त्रास थांबला नाही तर 108 ला फोन करा.

दवाखान्यात एक गोष्ट ठासून सांगा. या रुग्णांचे वरचे बीपी एरवी 90 ते 110 असते. त्यामुळे इतरांना साधे वाटणारे 140 सुद्धा त्यांच्यासाठी धोक्याचे असू शकते. रुग्णाचे नेहमीचे बीपी कागदावर लिहून त्याच्या खिशात ठेवा.

नळी कायम बसवलेली नसेल तर साधारण दर चार ते सहा तासांनी लघवी काढावी लागते. घरची बाई सकाळी कामाला गेली की संध्याकाळीच परतते. मग दुपारी कोण? लघवी नको म्हणून पाणी तोडणे हा उपाय नव्हे. त्याने जंतुसंसर्ग आणि मुतखडे वाढतात. हात चालत असतील तर रुग्णाने स्वतः शिकावे, शेजारच्या एकानेही शिकावे. यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात गेलात तर हे शिकवण्याची मागणी करा.

रविवारी विहारात जमाल तेव्हा ही माहिती चार घरांना सांगा.