साबणाची वडी घरी करताना

पांढऱ्या सदऱ्यावर वरणाचा डाग पडला आणि त्याला साबण लावला, की पिवळा डाग बघता बघता लाल होतो. हे प्रत्येक घरात पाहिलेलं असतं. हळदीला अल्कली लागली की तिचा रंग पालटतो. हळदीला चुना लावून कुंकू करतात, ते याच गुणावर. गेल्या दिवाळीत घरी साबण करायला घेतला तेव्हा नेमकी हीच गोष्ट माझ्या ध्यानात आली नाही. पांढऱ्याशुभ्र बेसमध्ये हळद घातली, सोनेरी वड्यांची वाट पाहिली, आणि साच्यातून निघाल्या त्या विटकरी. आईने एक वडी उचलून उजेडात धरली. म्हणाली, "अगं, साबण म्हटला की सोडा आलाच ना!"

आईचं हे वाक्य घरगुती साबण करणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावं. तेल आणि कॉस्टिक सोडा यांची अभिक्रिया होते, तेव्हाच साबण आणि ग्लिसरीन तयार होतं. 100 ग्रॅम खोबरेल तेलाला साधारण 18 ग्रॅम कॉस्टिक लागतं. मोजमाप चुकलं तर हात भाजतात, आणि नीट जमलं तरी वड्या चार ते सहा आठवडे मुरवाव्या लागतात. आपण बाजारातून 'मेल्ट अँड पोअर' बेस आणतो, तेव्हा हे धोक्याचं काम कारखान्यात आधीच उरकलेलं असतं. अभिक्रियेत कॉस्टिक संपून जातं, पण साबण अल्कलीधर्मीच राहतो. म्हणून 'केमिकल-फ्री साबण' हे शब्द मला खटकतात. बेस घेताना त्यापेक्षा मागची यादी वाचावी. काही बेसमध्ये जास्त फेसासाठी डिटर्जंट मिसळलेलं असतं. कोरड्या त्वचेला ते सोसत नाही.

कृती सोपी आहे. खोबऱ्याच्या वड्यांएवढे तुकडे करायचे, पातेल्यात पाणी गरम करून त्यावर दुसरं भांडं ठेवायचं आणि त्यात ते विरघळू द्यायचे. साधारण 60 अंशांच्या आसपास बेस पातळ होतो. उकळी मात्र येऊ देऊ नये; पाणी उडून जातं आणि वडी चिवट होते. जोरात ढवळलं तर फेस येतो, म्हणून चमचा हळू फिरवायचा. सुगंधी तेल गॅस बंद केल्यावर, बेस जरा निवल्यावर घालावं, नाहीतर वास वाफेबरोबर जातो. 100 ग्रॅमला पाव चहाचा चमचा पुरे. लवंग किंवा दालचिनीचं तेल असेल तर याहून पुष्कळ कमी, कारण ती त्वचेला झोंबतात. साचे आणि भांडी स्वयंपाकाची नकोत. सुगंधी तेलाचा वास सिलिकॉनच्या साच्यात इतका मुरतो, की त्यात पुन्हा खायचं काही करता येत नाही.

खरी चूक होते ती 'नैसर्गिक' म्हणून ओलं काही घालण्यात. मीही केली. कुंडीतली कोरफड कापून तिचा ताजा गर घातला, संत्र्याची ओली साल किसून घातली. वड्या देखण्या झाल्या. थोड्याच दिवसांत सालीभोवती काळे ठिपके दिसू लागले आणि गराला आंबूस वास आला. साबणाने हात स्वच्छ होतात म्हणून साबणात बुरशी धरत नाही, असं मी धरून चालले होते. सगळ्या वड्या टाकताना वाईट वाटलं. आता फक्त सुकं वापरते: सावलीत वाळवलेली संत्र्याची साल, नागरमोथा, वाळा, मुलतानी माती, सगळं वस्त्रगाळ. पूड आधी थोड्या ग्लिसरीनमध्ये कालवायची आणि बेस सायीसारखा दाटायला लागला की घालायची. पातळ असताना घातली तर तळाशी बसते. 100 ग्रॅमला एक लहान चमचा, त्याहून जास्त नाही. भरड पूड अंगाला ओरखडते.

मुंबईत आणि कोकणात आणखी एक प्रकार दिसतो. वडीवर दवासारखे थेंब जमतात आणि लोक साबण बिघडला म्हणून फेकून देतात. तो बिघडलेला नसतो. बेसमधलं ग्लिसरीन हवेतला दमटपणा ओढून घेतं, एवढंच. साच्यातून काढल्याबरोबर वडी प्लॅस्टिकच्या पातळ कागदात घट्ट गुंडाळली की हा घाम येत नाही.

या वड्यांनी रंग उजळेल, डाग जातील, असं मी कुणाला सांगत नाही. साबण अंगावर जेमतेम अर्धा मिनिट राहतो; एवढ्या वेळात त्यातली चमचाभर पूड औषधाचं काम काय करणार? तिचा वास आणि हलकी घासणी मात्र मिळते, आणि मला ती फार आवडते. घरच्यांसाठी, मैत्रिणींसाठी खुशाल करावा. विकायचा असेल तर अंघोळीचा साबण कायद्याने सौंदर्यप्रसाधनात मोडतो आणि त्याच्या उत्पादनाला परवाना लागतो, हे आधी समजून घ्यावं.

यंदा आईने उटण्याचं सामान काढलंय: आंबेहळद, कचोरा, गुलाबाच्या पाकळ्या, चंदन. आंबेहळदीची पुडी या खेपेला तिने माझ्या हाती लागू दिली नाही. मी पांढऱ्या बेसच्या आठ वड्या ओतल्या, त्यात फक्त वाळा. नरकचतुर्दशीच्या पहाटे आधी तेल, मग आईचं उटणं, आणि शेवटी ही वडी.