ओळखणाऱ्याची ओळख

टोलनाक्यावर गाडी येते आणि काचेवरचा फास्टॅग क्षणात वाचला जातो. त्या टॅगमध्ये बॅटरी नसते. रीडरने सोडलेल्या रेडिओलहरींवरच त्याची चिप जागी होते आणि त्याच लहरी परतवताना आपला क्रमांक कळवते. पण टॅग ओळखणाऱ्या या रीडरला कोण ओळखतं?

समजा, भिवंडीतलं एक गोदाम आहे. खोक्यांवर असेच टॅग, चार दरवाजे, प्रत्येकावर एकसारखा रीडर आणि चौघांच्या केबल एकाच नेटवर्क स्विचमध्ये. पहिल्या दारातून गेलेल्या खोक्यांची नोंद तिसऱ्या दारावर झाली, की हिशेबाचा बोजवारा उडाला!

इथे उपयोगी पडतो रीडरच्या पाठीवरचा स्टिकर. त्यावर मॅक पत्ता, म्हणजे यंत्राचा नेटवर्कवरचा ओळखक्रमांक, छापलेला असतो. तो ४८ बिटांचा. पहिला निम्मा भाग सहसा उत्पादक कोण ते सांगतो, उरलेला ते यंत्र कोणतं हे. संगणक ज्या आयपी पत्त्यावर रीडरशी बोलतो, त्याचं तसं नाही. नेटवर्कवर पत्ते वाटणारा डीएचसीपी सर्व्हर तो ठरावीक मुदतीसाठी देतो, भाड्याच्या खोलीसारखा. वीज जाऊन आली की तो बदललेलाही असू शकतो. म्हणून तंत्रज्ञ शिडीवर चढून स्टिकर टिपून घेतो आणि त्या मॅकसाठी एक आयपी कायमचा राखून ठेवतो. स्टिकर दिसतच नसेल तर साधी युक्ती असते: एकाची केबल काढायची आणि संगणकावरच्या यादीतून कोण गायब होतं ते पाहायचं.

ओळख पटली की बोलणं सुरू. वेगवेगळ्या कंपन्यांच्या रीडरना एकाच भाषेत आज्ञा देता याव्यात म्हणून २००७ मध्ये एलएलआरपी हा प्रोटोकॉल आला. त्यासाठी ५०८४ क्रमांकाचा पोर्ट ठरलेला आहे. पण त्याआधी रीडरच्या सेटिंगमध्ये देश निवडायचा. भारतात असे टॅग ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झवर वाचले जातात, अमेरिकेत ९०२ ते ९२८ वर. चुकून अमेरिका निवडली, तर रीडर आपल्याकडच्या मोबाइलच्या पट्ट्यात घुसतो. कारखान्यातून आलेला पासवर्डही याच वेळी बदलायचा.

मग शक्ती. नवखा माणूस ती पूर्ण वाढवतो आणि शेजारच्या दारातली खोकीही मोजून बसतो. अंतर दुप्पट झालं की टॅगपर्यंत पोचणारी ऊर्जा साधारण एक चतुर्थांश उरते. त्यामुळे रीडरची शक्ती ३० डीबीएमवरून, म्हणजे एका वॅटवरून, २४ वर आणली की पल्ला ढोबळमानाने निम्मा होतो. अर्थात, लोखंडी मांडण्यांवरून लहरी उसळतात, तेव्हा कागदावरचा हिशेब प्रत्यक्ष पडताळावाच लागतो.

त्यासाठी टॅग लावलेलं एक खोकं दोन दारांच्या मधोमध ठेवायचं. दोन्ही रीडर गप्प राहिले, की शिडी आवरायला हरकत नाही.